हाडात ठेवलेलं औषध बाहेर कसं येतं? थोडी पार्श्वभूमी

मामाचा पाय ट्रॅक्टरखाली आला होता तेव्हाचा एक्स-रे माझ्याकडे अजून आहे. नडगीचं हाड मोडून बाहेर आलं होतं, पहिलं ऑपरेशन झालं, प्लेट बसली आणि दोन महिन्यांनी तिथून पू यायला लागला. मग डॉक्टरांनी परत उघडून सडलेलं हाड खरवडून काढलं आणि त्या पोकळीत मण्यांची माळ ठेवली. माळच म्हणायची, स्टीलच्या तारेत ओवलेले मणी, एक्स-रेवर नडगीच्या आत पांढरे गोल ठिपके एका रांगेत दिसतात. आजीने तो एक्स-रे खिडकीशी धरला आणि म्हणाली, "हे मणी कशाला ओवलेत रे त्याच्या पायात?" मी तेव्हा बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला धड उत्तर देता आलं नाही. पुढे एम.फार्म.ला ड्रग डिलिव्हरी, म्हणजे औषध शरीरात हवं तिथे कसं पोचवायचं हा विषय, घेतली त्याचं मूळ बहुतेक तिथेच आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी अडचण काय ते सांगतो. गोळी घ्या नाहीतर सलाईनमधून द्या, औषध रक्तातून जातं, आणि इन्फेक्शनने मेलेल्या हाडाला रक्तपुरवठाच नसतो. म्हणजे जिथे जंतू बसलेत नेमकं तिथेच औषध पोचत नाही, आणि डोस वाढवावा तर जेन्टामायसिनसारखं अँटिबायोटिक किडनीला आणि कानाला त्रास देतं. म्हणून मग औषध थेट हाडातच नेऊन ठेवायचं.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९२ साली जर्मनीत बॉनला ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या दवाखान्यात ड्रीसमान नावाच्या सर्जनने हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या, तेच पीओपी ज्याच्या आपल्याकडे गणपतीच्या मूर्ती करतात, आणि ते पीओपी त्याने साध्या पाण्यात न कालवता कार्बोलिक आम्लाच्या पाण्यात कालवलं. जंतू मारायला तेव्हा कार्बोलिक वापरत, पेनिसिलिन यायला अजून बरीच वर्षं होती. म्हणजे भराव आणि औषध एकाच गोळ्यात, मूळ कल्पना तिथेच पूर्ण झाली होती.

मग बराच काळ मधे गेला आणि गोष्ट पुढे सरकली ती कवळीमुळे. दातांच्या कवळ्या ज्या ॲक्रिलिकच्या करतात त्याचं रासायनिक नाव पॉलिमिथिलमेथाक्रिलेट, लोक पीएमएमए म्हणतात. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याचा कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवायला हेच वापरायला सुरुवात केली. पावडर आणि द्रव एकत्र घोटायचं, नाकात झोंबणारा वास येतो, आधी चिकट लगदा, मग कणकेसारखं, आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड. यालाच आपण बोन सिमेंट म्हणतो. सांधे छान बसायला लागले, पण काही पेशंटना सांध्याभोवती इन्फेक्शन व्हायचं आणि एकदा झालं की ते फार वाईट.

हॅम्बुर्गमधले सर्जन बुखहोल्त्स यांनी १९६९ च्या आसपास सरळ सिमेंटच्या पावडरीतच अँटिबायोटिक मिसळायला घेतलं. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिमेंट घट्ट होताना तापतं, चांगलंच तापतं, लॅबमध्ये जाडसर गोळा केला तर ८० अंशांच्या आसपास जातं. बरीच अँटिबायोटिक्स एवढी उष्णता सोसत नाहीत. जेन्टामायसिन सोसतं, पाण्यात सहज विरघळतं, पावडर मिळते आणि बऱ्याच जातींच्या जंतूंवर चालतं, म्हणून ते टिकलं. १९६३ मध्ये सापडलेलं औषध सहा-सात वर्षांत हाडाच्या सिमेंटमध्ये जाऊन बसलं. त्यानंतर १९७० च्या दशकात फ्रँकफुर्टच्या क्लेम यांनी त्याच मिश्रणाचे मणी केले, ७ मिलिमीटरचे, प्रत्येकात साडेसात मिलिग्रॅम जेन्टामायसिन सल्फेट, तारेत ओवलेले. मामाच्या पायातली माळ याच घराण्यातली. आपल्याकडे बरेच सर्जन तयार माळ न घेता ऑपरेशन थिएटरमध्येच सिमेंट कालवून हाताने मणी वळतात, मामाचेही तसेच वळलेले असणार कारण एक्स-रेवर सगळे सारखे दिसत नाहीत.

आता इथपर्यंतची सगळी माणसं सर्जन आहेत. औषध आत कसं घालायचं ते त्यांनी सोडवलं. पण बाहेर किती येतं, कधी येतं, कुठल्या वेगाने, हा प्रश्न फार्मसीवाल्यांचा, आणि तो हाडासाठी नाही तर मलमासाठी विचारला गेला होता.

ताकेरू हिगुची, कॅलिफोर्नियात जन्मलेले जपानी वंशाचे केमिस्ट, तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठात होते. १९६१ साली त्यांनी मलमातून औषध किती वेगाने सुटतं याचं गणित मांडलं, १९६३ मध्ये तेच घट्ट गोळ्यालाही लावलं. कल्पना अगदी साधी आहे हो. पृष्ठभागाजवळचं औषध आधी निघून जातं, मग उरलेल्याला खोलातून यावं लागतं, वाट लांबत जाते, म्हणून वेग कमी होत जातो. पहिल्या १ तासात १० मिलिग्रॅम आलं असेल तर ४ तासांत ४० नाही, २० येतं, ९ तासांत ३०. म्हणजे वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. एम.फार्म.ला असताना मी ३७ अंशांच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, गोळी टाकून बसायचो, ठराविक वेळाने ५ मिली सॅम्पल काढायचं, तेवढंच ताजं बफर परत घालायचं, त्यात औषध किती ते यूव्ही प्रकाशाच्या यंत्रावर मोजायचं, आणि शेवटी एक्सेलमध्ये वेळेऐवजी वेळेचं वर्गमूळ टाकलं की वाकडी रेघ सरळ होते. ती पहिल्यांदा सरळ झालेली बघितली तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता.

हे गणित घेऊन सिमेंटच्या मण्याकडे बघितलं की त्याचा दोष लगेच दिसतो. पीएमएमए विरघळत नाही, पाणी त्यात फार आत शिरत नाही, त्यामुळे वरच्या थरातलं औषध पहिल्या काही दिवसांत भसकन येतं आणि नंतर नुसतं झिरपत राहतं. बहुतेक औषध आतच अडकतं, बाहेर येणारा वाटा बऱ्याचदा १० टक्केही नसतो. आणि ते थोडं थोडं झिरपणं आणखी धोक्याचं, कारण एवढ्याने जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. शिवाय मणी विरघळत नसल्यामुळे काढायला परत ऑपरेशन. मामाला सहा आठवड्यांनी परत टेबलावर घेतलं, त्या दिवशी आजी देवापुढून उठलीच नाही.

मग हाडासारखंच काहीतरी वापरलं तर? १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन आणि चाऊ या दोघांनी, हे परत दातांच्याच संशोधनातले, कॅल्शियम फॉस्फेटच्या दोन पावडरी पाण्यात कालवल्या की अर्ध्या तासात घट्ट होतात आणि शरीराच्या तापमानालाच हायड्रॉक्सीॲपेटाइट बनतं हे दाखवलं, म्हणजे हाडातल्या खनिजाचाच भाऊबंद. तापत नाही म्हटल्यावर नाजूक औषधंही घालता येतात.

इथे जपानचे माकोतो ओत्सुका येतात, मूळचे फार्मास्युटिकल केमिस्ट, आणि ज्यांच्या कामासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. १९९० च्या दशकात कोबेमध्ये असताना त्यांनी अमेरिकेत यूटामधल्या विल्यम या दुसऱ्या हिगुचींसोबत या सिमेंटमध्ये इंडोमेथासिन (सूज-दुखण्यावरचं), सेफालेक्सिन (अँटिबायोटिक) अशी औषधं घालून ती किती सुटतात ते मोजायला घेतलं, पेपरमागून पेपर. भोकं किती, कण केवढे, भोवतालच्या द्रवात कॅल्शियम किती, एकेक गोष्ट बदलून बघितली. आणि त्यातून १९९७ चा तो पेपर आला जो मी किती वेळा वाचलाय. अंडाशय काढलेल्या उंदरांमध्ये, म्हणजे पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात त्या अवस्थेची नक्कल, त्यांनी इस्ट्रॅडिऑल हे स्त्री-हार्मोन घातलेलं सिमेंट ठेवलं. रक्तात कॅल्शियम पुरेसं असेल तर सिमेंटच्या भोकांमध्ये नवं ॲपेटाइट साचतं, वाट अरुंद होते, औषध कमी येतं. कॅल्शियम कमी झालं की साचणं थांबतं आणि औषध जास्त सुटतं. म्हणजे हाडाला गरज असेल तेव्हा जास्त. बॅटरी नाही, चिप नाही, फक्त खनिजाची विरघळण्याची आणि साचण्याची रीत. हे उंदरांमधलं आहे, माणसातलं नाही, हे ध्यानात ठेवायचं. पुढे त्यांनी जस्त घातलेल्या कॅल्शियम फॉस्फेटवरही याच वाटेने काम केलं.

दवाखान्यात मात्र आज जास्त दिसतात ते कॅल्शियम सल्फेटचे मणी, म्हणजे बॉनचं तेच पीओपी, शुद्ध केलेलं. व्हँकोमायसिन किंवा जेन्टामायसिनसारखं अँटिबायोटिक घालून कालवायचं, रबराच्या साच्यात थापायचं, घट्ट झालं की मणी सोडवून पोकळीत टाकायचे. काही आठवड्यांत विरघळतात, सगळं औषध सोडून जातात, काढायचं ऑपरेशन नाही. जखमेतून पाणी पाझरतं, मणी जास्त टाकले तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, त्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि भार पेलायला ते कामाचे नाहीत, तिथे अजून कवळीचंच सिमेंट लागतं.

मामा आता चालतो, थोडा लंगडतो. आजीला मी शेवटी सांगितलं की त्या मण्यांत औषध होतं, तर ती म्हणाली, "मग काढले कशाला, औषध संपलं होतं का?" संपलं नव्हतं, बरंचसं आतच होतं.