वजन उतरवण्याच्या ऑपरेशननंतर कपडे कधी शिवावेत? पिशवी भरून आणण्याआधी एवढं वाचा

"ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले, अठरा किलो उतरलं. हे बारा ब्लाउज, सगळे कमी करून द्या. गुरुवारी लग्न आहे."

पिशवी काउंटरवर ठेवून हे असं कुणीतरी म्हणतं तेव्हा आम्हाला आनंदच होतो. ज्या बाईला आमच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना कठडा धरावा लागायचा, ती आता उभ्या उभ्या बोलत असते. तरीही आम्ही बारातले दहा ब्लाउज परत देतो, आणि मग राग येतो. "धंदा नको का तुम्हाला?" हेही ऐकून झालंय. धंदा हवाच आहे. पण तेच बारा ब्लाउज तिसऱ्या महिन्यात एकदा, सहाव्यात एकदा आणि वर्षाने पुन्हा एकदा उसवले, तर तुमचे पैसे जातात, आमचा वेळ जातो आणि शेवटी कापडही जातं. नाव मात्र आमच्या फिटिंगचं खराब होतं.

डॉक्टर खाण्याचा तक्ता देतात, गोळ्या लिहून देतात, प्रोटीन किती घ्यायचं ते सांगतात. कपड्यांचं कुणी सांगत नाही. ते आम्हीच सांगतो, पण कात्री हातात धरून प्रत्येकाला पंधरा मिनिटं सांगायचं म्हणजे मागे गुहागर-खेडहून एसटीने आलेलं गिऱ्हाईक ताटकळतं. म्हणून हा कागद.

माप कधी थांबतं

अजूनही काहींना वाटतं की या ऑपरेशनात चरबी काढून घेतात, म्हणजे टाके निघाले की नवं माप तयार. तसं नसतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, पोटाचा) जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. भूक आणि खाणं कमी होतं आणि चरबी पुढे महिनोन् महिने उतरत राहते. पहिल्या सहा महिन्यांत उतार जोरात असतो, मग हळूहळू वर्ष-दीड वर्षापर्यंत चालतो. अडीच महिन्यांचं माप म्हणजे आंब्याला मोहोर आला म्हणून पेट्या ठोकायला घेण्यासारखं.

शिवाय सगळं अंग एका चालीने उतरत नाही. आमच्या टेपला बहुतेकांचा गळा आणि छाती आधी कमी झालेली दिसते, पोट त्यानंतर, आणि दंड नि मांड्या सर्वांत शेवटी. दंडाचं तर वेगळंच. आतलं मांस जातं, कातडी तिथेच लोंबते, त्यामुळे छाती चार इंच कमी होऊनही बाही अर्ध्याच इंचाने कमी करायची असते. म्हणून "आहे त्यातून सगळीकडे तीन-तीन इंच काढा" हे कुणी सांगितलं तरी आम्ही ऐकत नाही.

वजनकाट्यावर मध्येच आकडा अडकतो, दोन-दोन आठवडे हलत नाही. लोक घाबरतात. त्या दिवसांत कधीतरी दुकानात येऊन टेप लावून जा. काटा अडकलेला असताना कंबर इंचभर कमी झालेली आम्ही कितीदा पाहिली आहे.

खरी चूक ती हीच

सगळ्यांत जास्त नुकसान कशाने होतं, तर आतलं मार्जिन कापायला लावण्याने. मार्जिन म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. आम्ही दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "आता मी जाड थोडीच होणार आहे? ते आतलं जाड लागतं, कापून टाका." आणि दुसऱ्या एखाद्या दुकानात ते कापूनही मिळतं.

पुढे काय होतं ते सांगते. एक ताई खणाचा ब्लाउज घेऊन आल्या. तिसऱ्या महिन्यात बाहेर कुठेतरी बाजूने मारून घेतलेला, आतलं कापड साफ छाटलेलं. सातव्या महिन्यात छाती आणखी उतरली, तर बाजूच्या टिपा आत सरकवून सरकवून टक्सचं, म्हणजे छातीच्या आकारासाठी घातलेल्या चुणीचं, टोक काखेकडे गेलं होतं. खांदे तर कमीच केले नव्हते, त्यामुळे गळा दोन्हीकडून घसरत होता. असा ब्लाउज बाजूने मारून सुधारत नाही. बाह्या काढायच्या, खांदा उसवायचा, मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, नव्याने कापायचा. खणावर आणि रेशमावर सुईची भोकं राहतात, दोन वेळा उसवलेलं कापड तिसऱ्यांदा टीप धरत नाही, तिथूनच विरतं. त्या ताईंना आम्ही ब्लाउज परत दिला. साडी आईची होती, ब्लाउजपीस जोडीचा होता, दुसरा मिळणं शक्य नव्हतं. त्यावर काय बोलणार?

पुरुषांचं वेगळं रडगाणं आहे. पँटची कंबर मागच्या शिलाईतून दीड-दोन इंच आत घेता येते. त्यापुढे घेतली की मागचे दोन खिसे जवळ यायला लागतात, आसन खाली लोंबतं. एका दादांच्या पँटचे खिसे अगदी शेजारी-शेजारी नांदत होते, पाकीट ठेवलं की शेपूट आल्यासारखं दिसायचं. शर्टाचं त्याहून कठीण. पोटाचा घेर कमी करता येतो, पण कॉलर सतराची साडेपंधरा करायची म्हणजे शर्ट नवाच शिवायचा.

याच्या उलट चूकही होते. "अजून उतरणार आहे, दोन इंच लहानच शिवा." हे आम्ही करत नाही. अजून न आलेल्या अंगाचं माप कुणाला घेता येतं? असा एक ड्रेस आम्ही एकदा हट्टापायी शिवून दिला. छातीत बसला तेव्हा दंडात अडकला, दंडात बसला तोवर कमरेला सैल झाला होता.

मग तोवर घालायचं काय

पहिले दोन महिने काहीही शिवू नका. दुर्बिणीचं ऑपरेशन असलं तरी पोटावर चार-पाच ठिकाणी छोटे छेद असतात. नाडी, बेल्ट नाहीतर परकराची गाठ नेमकी त्यावर बसते. गाऊन, मॅक्सी, सैल पायजमा ठीक. शेपवेअर, पोटाचा पट्टा हे डॉक्टर सांगतील तेव्हाच. दुकानात विकायला आहे म्हणून ऑपरेशनच्या पंधराव्या दिवशी तो देऊन आम्हाला पैसे मिळवायचे नाहीत.

तिसऱ्यापासून साधारण दहाव्या महिन्यापर्यंत आमच्या भाषेत 'चालू' कपडे. दोन सुती कुर्ते, एक-दोन ब्लाउज, पुरुषांना मागे इलॅस्टिकची एक पँट. हे आम्ही मुद्दाम स्वस्त कापडात आणि बाजूला लांब टीप मारून शिवतो, म्हणजे उसवायला पाच मिनिटं लागतात. साडी नेसणाऱ्यांचं बरं असतं. साडीला माप नसतं, एक चालू ब्लाउज दहा साड्यांवर जातो. काळा, मरून, सोनेरी असे तीन रंग सगळं भागवतात.

कापड शक्यतो सुतीच. आपल्याकडची हवा काही सांगायला नको. वजन उतरल्यावर पोटाखाली आणि काखेत कातडीच्या घड्या पडतात, त्यात घाम साचतो, आणि जून ते सप्टेंबर तर कपडे दोरीवर तीन-तीन दिवस दमट. घडीत लाली, खाज, वास सुरू झाला तर पावडर थापत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडून एवढंच होतं की परकराचा नेफा आम्ही रुंद आणि मऊ लावतो आणि घडीच्या वर बसवतो. बारीक नाडी घडीत रुतते. दंडाची कातडी लोंबत असेल तर बिनबाह्यांचा हट्ट सध्या सोडा. कोपरापर्यंतची बाही, आत मलमलचं अस्तर, खूप शोभतं. जास्तीची कातडी काढायचं ऑपरेशन करणारे डॉक्टरही वजन काही महिने एका जागी थांबल्याशिवाय हात लावत नाहीत. आमचंही म्हणणं त्यांच्यासारखंच आहे, फी तेवढी वेगळी.

मधल्या काळात लग्न आलं तर? येतंच. मुलीचं, भाच्याचं, कधी स्वतःचंही. अशा वेळी ब्लाउजपीस आधी आणून द्या, आम्ही कापून कच्ची टीप मारून ठेवतो. एक ट्रायल पंधरा दिवस आधी, शेवटची चार दिवस आधी. पक्की टीप त्या दिवशी. महिनाभर आधी पूर्ण शिवून घेतलेला ब्लाउज लग्नात पिना लावून घालावा लागतो, आणि पिना फोटोत दिसतात.

माप देताना

ऑपरेशननंतरच्या ग्राहकांचं माप आम्ही दर महिन्याला फुकट घेतो. कपडा शिवा, नका शिवू. त्याचं एक कार्ड करून देतो आणि एक प्रत आमच्याकडे फोनमध्ये ठेवतो. वहीवर आमचा भरवसा राहिला नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या अकरा वर्षांच्या मापाच्या वह्यांचा लगदा झाला होता. लागोपाठ तीन महिने छाती-कंबर अर्ध्या इंचाच्या आत राहिली, की आम्हीच सांगतो, आता काढा कपाट रिकामं. ही वेळ बहुतेकांची वर्ष ते दीड वर्षाने येते.

मापाला येताना नव्या मापाची ब्रा घालून या. हे सांगायला बायकांनाही संकोच वाटतो आणि आम्हालाही, पण अर्धे ब्लाउज इथेच बिघडतात. जुनी सैल ब्रा घालून माप दिलं की छातीची उंची इंच-दीड इंच खाली येते, टक्स खाली जातात. मग नवी ब्रा घेतल्यावर ब्लाउज वर फुगतो आणि दोष टेलरचा. आणि आरशासमोर पोट आत ओढू नका. वर्षानुवर्षांची सवय असते, कळतं. पण श्वास सोडल्यावर हुक तुटतो.

"सैलच ठेवा हो" हीही जुनी सवय. अंग झाकायची सवय अंगाआधी जात नाही. एक वहिनी बेचाळीसवरून चौतीसवर आल्या होत्या, तरी चाळीसचाच कुर्ता मागत होत्या. आम्ही अंगाबरोबर शिवला आणि म्हटलं, आठ दिवस घाला, नको वाटला तर सैल करून देऊ. मार्जिन आत होतंच. त्या सैल करायला आल्या नाहीत. दोन आणखी शिवायला आल्या.

ट्रायलला जेवून लगेच येऊ नका, आणि उपाशीही येऊ नका. एका गणपतीत आम्ही कौतुकाने एका गिऱ्हाइकाला उकडीचा मोदक दिला. बायपास झालेला होता. दहा मिनिटांत घाम, धडधड, चक्कर. ट्रायल रूममध्येच खाली बसले. गोड पटकन आतड्यात उतरलं की असं होतं, त्याला डंपिंग म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून आत खुर्ची ठेवली आहे, आणि ऑपरेशनवाल्यांना आम्ही खायचा आग्रह करत नाही. चहा विचारला नाही म्हणून रागावू नका.

शिलाईबद्दल थोडं

बाजूने मारायचे पैसे वेगळे आणि पूर्ण उसवून नव्याने बांधायचे वेगळे. दुसऱ्याला नव्या ब्लाउजच्या पाऊणपट शिलाई पडते. "नुसतं लहानच तर करायचंय" असं वाटतं, पण उसवणं हे शिवण्यापेक्षा किचकट, विचारा आमच्या मुलींना. चालू कपड्यांमध्ये मात्र आमच्याकडे शिवलेल्या कपड्याचं पहिलं आल्ट्रेशन आम्ही मोफत करतो.

मार्जिन आम्ही शेवटच्या कपड्यांतही ठेवतो, सांगूनही कापत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बऱ्याच जणांचं थोडं वजन परत चढतं, दोन-चार किलो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, डॉक्टरांकडे नेमाने जात राहायचं. पण त्या दोन-चार किलोंना कपड्यात जागा लागते.

जुन्या कपड्यांचं म्हणाल, तर एक पँट किंवा एक ड्रेस आठवण म्हणून सगळेच ठेवतात, एका पायात दोन्ही पाय घालून फोटो काढतात. बाकीचे सुती असतील तर आणून द्या. आमच्या मागच्या खोलीत दोन आज्या वाकळ शिवतात. एका माणसाच्या जुन्या आठ-नऊ शर्टांची दुहेरी वाकळ आरामात होते, मोठ्या मापाच्या शर्टांची तर कापड उरून.

यंदाही गणपतीच्या आधी वीस दिवस आल्ट्रेशन बंद राहील. चाकरमानी उतरले की आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. पण मासिक माप चालू असेल, दुपारी तीन ते पाच, मागच्या दाराने या. कार्ड विसरू नका.