पावडर गुपचूप, शपथ घाईत

कोकणातल्या वाडीत दारू सोडवण्याचे दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, देवापुढे नारळ ठेवून शपथ. दुसरा, आमटीत गुपचूप पावडर. दोन्हीत खोट एकच: माणूस किती पितो आणि का पितो, हे त्याच्याशी कोणी बोललेलंच नसतं.

‘दोन पेग घेतो’ या उत्तराचा डॉक्टरला उपयोग नाही, कारण पेग हातागणिक बदलतो. क्वार्टर मोजावी. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीत शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम भरतं. रोज किती, किती वर्षं, सकाळी हात थरथरतात का, पूर्वी सोडताना फिट आली होती का, हे चार प्रश्न शपथेच्या आधीचे.

हे प्रश्न आधी का, त्याचं कारण मेंदूत आहे. दारू ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाला जोर देते आणि ‘ग्लुटामेट’ या चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखायला उलट दिशेने ओढ घेतो. दारू एकदम थांबली की ती ओढ मोकाट सुटते. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिटचा धोका, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम. नसलेली माणसं दिसतात आणि घरचे ‘बाहेरचं झालं’ म्हणून भगताकडे धावतात. खरं तर ही रुग्णालयात नेण्याची वेळ. पाच-सहा दिवसांच्या फेरीवर गेलेल्या ट्रॉलरवर हे झालं, तर किनारा गाठेपर्यंत उशीर होतो. म्हणून जास्त पिणाऱ्याने बोटीवर चढून ‘आता सोडली’ म्हणू नये. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइडसारखं मेंदू शांत ठेवणारं औषध देऊन त्याची मात्रा आठवडाभरात टप्प्याटप्प्याने उतरवतात. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, देतात.

आता पावडर. तिच्यात डायसल्फिराम हे औषध असू शकतं. ते दारूचं पचन अर्ध्यावर अडवतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं. चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. न सांगता दिलं तर जीवावर बेतू शकतं. गंमत अशी की हे औषध चालतं ते मुख्यतः माणसाला ते माहीत असतं म्हणून. आज गोळी घेतली, आज प्यायलो तर त्रास होणार, हे ठाऊक असणं हाच त्याचा अर्धा गुण. गोळी त्याच्या संमतीने, रोज सकाळी घरच्या एकासमोर घ्यावी. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवडेही दारू चालत नाही.

नैराश्याचं गणित वेगळं. बऱ्याच जणांची उदासी दारूनेच आणलेली असते आणि सोडल्यावर दोन ते चार आठवड्यांत निवळते. निवळली नाही, किंवा दारूच्या आधीपासून होती, तर वेगळे उपचार लागतात. आत्महत्येचे विचार असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. ‘गोळ्या म्हणजे दुसरं व्यसन’ हा दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगबाहेरच्या कट्ट्यावरचा सल्ला ऐकू नये. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, आणि म्हणून त्या मोजूनच घ्याव्यात.

बोलण्याने खरंच फरक पडतो का? गोव्यात, याच किनाऱ्यावर, ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे तपासलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकून ते एकमेकांना गुण देत. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांत, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के सावरले. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. सत्रं सहा ते आठ, आणि गाभा साधा: छोटं काम ठरवा, करा, लिहा. ‘सकाळी ७ वाजता जेटीपर्यंत चालत. आधी मन १० पैकी २, नंतर ४.’ मन लागल्यावर काम करू, असं म्हटलं की दोन्ही राहतं.

दारूसाठी १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेलं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या मीटिंगा. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले; वर्षभर पूर्ण कोरडं राहण्यात ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा काहीशी सरस ठरली. मीटिंगमध्ये एक बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. उपदेश घरी भरपूर मिळालेला असतो.

अडचण वाडीची. सगळे सगळ्यांना ओळखतात, मीटिंगच्या दारातली चप्पलसुद्धा. अशा वेळी शेजारच्या तालुक्याची किंवा फोनवरची मीटिंग गाठावी. उघडपणा म्हणजे चव्हाट्यावर येणं नव्हे: एक डॉक्टर, घरातला एक आणि दारू सोडलेला एक, एवढ्यांना सगळं खरं माहीत असलं तरी पुरे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हात रिकामे. मग हंगामाची उचल खिशात येते. दोन्ही वेळा घसरणीच्या. उचल कोणाच्या हातात द्यायची आणि त्या संध्याकाळी कोणाच्या ओटीवर बसायचं, हे जुलैतच ठरवावं. तरी घसरलाच, तर ‘किती आणि कधी’ एवढंच दुसऱ्या दिवशी त्या दारू सोडलेल्या सोबत्याला सांगायचं. आठवडाभर लपवलं, तर पुन्हा थरथरीपासून सुरुवात. आणि दरवेळच्या सोडण्यात फिटचा धोका वाढत जातो.