चाकूची पारख सांध्यात

संत्रं सोलायला चाकू लागत नाही, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. देठापाशी अंगठ्याचं नख रोवलं की साल आपोआप सुटत जाते. तरीही आमच्या घरात दर पिढीत एकाच्या तरी खिशात घडीचा चाकू असायचाच. आजोबांकडे शिंगाच्या मुठीचा होता, वडिलांकडे लाल स्विस. माझा सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेला, काळाकुट्ट, पात्यावर ठसठशीत ‘सर्जिकल स्टील’ असं छापलेला. धार अशी, की मनगटावरचे केस उडायचे. तिसऱ्या आठवड्यात गव्हाच्या पोत्याची शिवण उसवताना टोक सुतळीत अडकलं. ते उचकटायला गेलो, तर पातं त्याला उघडं अडवून धरणारा खटका सोडून मिटलं आणि तर्जनीच्या पेरावर बसलं. चार टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले, “धार चांगली होती हो.”

धार चांगलीच होती. बिघडलं ते टोकापासून सात-आठ सेंटीमीटर मागे, जिथे चाकू विकत घेताना कुणी पाहत नाही.

घडीचा चाकू म्हणजे मुळात मधोमध मोडलेला चाकू. तो मोडलेला आहे हे काम करताना विसरता आलं, तर तो चांगला. सगळी कारागिरी त्या विसरण्यासाठी असते. आजीच्या अडकित्त्याचंही तसंच होतं. दोन पाती, एक खिळा. खिळा घट्ट होता तोवर सुपारीचे कागदासारखे काप पडायचे. सैल झाल्यावर सुपारी कातरायची नाही, चेपायची. ‘खिळखिळा’ हा शब्द ऐकला की मला तो खिळाच आठवतो.

सांध्यातली सैल जागा डोळ्यांना दिसत नाही, पण टोकाला ती कितीतरी पट मोठी होऊन पोचते. समजा, पातं ज्या वॉशरवर टेकतं त्याचा व्यास १० मिलीमीटर आहे आणि तिथे ०.०५ मिलीमीटरची फट राहिली. साध्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढी. टोक सांध्यापासून ८० मिलीमीटरवर असेल, तर फट आठपट होते आणि टोक ०.४ मिलीमीटर डुलतं. बोटांना हे लगेच कळतं. म्हणून दुकानात चाकू हातात आला की आधी धारेला हात लावूच नये. मूठ एका हातात घट्ट धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याच्या दोन्ही सपाट बाजू टोकाजवळ पकडायच्या आणि डावी-उजवीकडे हलवून पाहायचं. मग तसंच वर-खाली. आपले गॅरेजवाले ज्याला ‘प्ले’ म्हणतात तोच हा. आडवा प्ले बहुतेक वेळा स्क्रू आवळून जातो. उभा प्ले मात्र खटक्याचा दोष असतो आणि तो घरी सहसा दुरुस्त होत नाही.

स्क्रूवरून आठवलं. चाकू उघडता-मिटता येतो, पण थोडा डुलतो. विक्रेता म्हणतो, “काका, आवळून देतो ना.” आवळू द्यावं, आणि मग पातं फिरवून पाहावं. प्ले गेला आणि पातंही गुळगुळीत फिरतंय, तर घ्यायला हरकत नाही. प्ले गेला पण पातं जाम झालं, जरा सैल केल्यावर पुन्हा डुलायला लागलं, तर मुठीच्या दोन बाजू एकमेकींना समांतर नाहीत किंवा पात्याचं बूड सपाट घासलेलं नाही. तो दोष कुठल्याही पान्याने जात नाही. माझ्या मते चाकूच्या बांधणीची याहून सोपी परीक्षा नाही, आणि तिला अर्धं मिनिटही लागत नाही. हल्ली नुसतं मनगट हलवलं की पातं आपोआप पडतं, याचं फार कौतुक होतं. बॉल बेअरिंग घातलं की कोणतंही पातं असं पडतं. बेअरिंग वाईट नाही, पण त्याच्या गोळ्यांमध्ये आपली उन्हाळ्यातली धूळ शिरली की ते करकरू लागतं. फॉस्फर ब्राँझ या तांब्याच्या मिश्रधातूचा साधा वॉशर तीच धूळ निमूटपणे सोसतो.

आता खटका. इथे थोडा वेळ थांबू.

भाजी चिरताना धारेवर जो जोर येतो तो पात्याला आणखी उघडायला पाहतो. तिथे पात्याचं बूड एका खुंटीवर टेकतं आणि प्रश्न मिटतो. धोका उलट दिशेने येतो. टोक कशात तरी अडकलं आणि आपण ते उचकटलं की जोर पात्याच्या पाठीवर पडतो, आणि तो जोर पातं मिटवायला बघतो. टोकाशी ५ किलोचा जोर, सांध्यापासून ७० मिलीमीटरवर. खटका मात्र सांध्यापासून जेमतेम ७ मिलीमीटरवर. तरफेच्या नियमाने खटक्यावर दसपट, म्हणजे ५० किलो येतात. ते पेलतो कोण? दीड मिलीमीटरपेक्षाही पातळ पत्रा, तोही दोनेक मिलीमीटर लांबीवर टेकलेला. हिशेब केला तर चौरस मिलीमीटरला २० किलोच्या आसपास दाब निघतो. पाणी न दिलेला, म्हणजे तापवून कठीण न केलेला, मऊ स्टेनलेस पत्रा साधारण याच दाबाला कायमचा चेपायला लागतो.

या पत्र्याच्या खटक्याला लायनर लॉक म्हणतात. मायकेल वॉकर या अमेरिकन चाकूकाराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला आजचं रूप दिलं. मुठीच्या आतला पत्रा स्प्रिंगसारखा वाकवून ठेवलेला असतो. पातं उघडलं की तो सरकून पात्याच्या बुडामागे बसतो. पात्याचं बूड तिथे किंचित तिरकं घासलेलं असतं, म्हणजे पत्रा पाचरीसारखा बसतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात सुतार ठोकतो तीच पाचर. पाचर निसटू नये म्हणून एकच अट असते: तिच्या कोनाचा टॅन्जंट, म्हणजे चढ भागिले आडवं अंतर, हा घर्षणगुणांकापेक्षा, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून ठेवतात त्या आकड्यापेक्षा, लहान हवा.

कोरड्या पोलादाचा पोलादावरचा घर्षणगुणांक ०.५ च्याही वर जातो. तेलकट झाला की तो ०.१५ च्या आसपास उतरतो. चांगला कारागीर कोन ७-८ अंश ठेवतो. ८ अंशांचा टॅन्जंट ०.१४. म्हणजे तेल पडलं तरी पाचर तग धरते. कोन याहून फार कमी केला तर पाचर इतकी रुतते की चाकू मिटवताना अंगठा सोलतो. जास्त केला तर...

बोटाचे टाके निघाल्यावर मी तो फुटपाथवरचा चाकू उघडला, भिंग घेतलं आणि कोनमापक लावून कोन मोजला. १४ अंशांच्या जवळपास भरला. टॅन्जंट ०.२५. कोरडा असताना चाकू दोन-तीन आठवडे ठणठणीत चालला यात नवल नव्हतं. आणि पोत्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? शिलाई मशीनचं तेल हाताशी होतं म्हणून मीच हौसेने सांध्यात चांगलं चार थेंब ओतलं होतं. ते खटक्याच्या तोंडापर्यंत उतरलं. गणिताला दया येत नाही.

तेव्हा दुकानात चाकू उघडून आत डोकावायचंच. पत्रा पात्याच्या बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत सरकलेला असावा. नुसता कडेला टेकला असेल तर तो निसटेल. नवा असतानाच पलीकडच्या टोकाला पोचला असेल, तर झिजल्यावर त्याला सरकायला जागा उरणार नाही. आणि तेल नेहमी सांध्याला, एकच थेंब, खटक्याच्या तोंडाला कधीच नाही.

वडिलांच्या लाल स्विस चाकूला मोठ्या पात्यासाठी खटकाच नव्हता. कार्ल एल्झेनर यांनी १८९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूचं डिझाइन नोंदवलं. तेव्हापासून त्या घराण्याचे लहान चाकू मुठीतल्या एका कडक स्प्रिंगवरच चालतात. ती पातं उघडं धरते, पण अडवत नाही. वडिलांचं बोट कधी कापलं नाही, कारण चाकू मिटू शकतो हे त्यांना ठाऊक होतं. मला ‘लॉक’ या शब्दाने गाफील केलं.

स्प्रिंग आणि पातं, दोन्ही पोलादच, पण त्यांना पाणी वेगवेगळं दिलेलं असतं. आपल्याकडचा लोहार ‘पाणी देणं’ म्हणतो त्यात दोन पायऱ्या आहेत. पोलाद साधारण ८०० अंशांपर्यंत तापवायचं. ७७० च्या वर लोखंडाला चुंबक चिकटत नाही, म्हणून जाणता कारागीर चुंबक लावून वेळ ओळखतो. मग एकदम तेलात किंवा पाण्यात. आतल्या कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकतो आणि पोलाद काचेसारखं कठीण आणि तितकंच ठिसूळ होतं. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ठिसूळपणा घालवायला ते पुन्हा हलकं शेकायचं. पृष्ठभागावर वाळल्या गवताचा पिवळा रंग आला की सव्वादोनशे अंश झाले, साध्या कार्बन पोलादाचं पातं इथे थांबवायचं. निळा रंग चढला की तीनशेच्या आसपास, तिथे स्प्रिंग. पात्याचं पाणी स्प्रिंगला दिलं तर ती तुटेल, स्प्रिंगचं पात्याला दिलं तर धार दुमडेल.

कठीणपणा रॉकवेल मापात सांगतात: हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबायचा आणि तो किती रुतला ते पाहायचं. स्विस पाती ५५-५६ ला थांबतात, महागड्या पोलादाची ६० च्या पुढे जातात. पण छापलेल्या आकड्यावर भाळू नये. मे २०२४ मध्ये आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं आणि देशभर बोभाटा झाला. नंतर हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचं सांगितलं. ‘सर्जिकल स्टील’ हा तर आकडाही नाही. त्या नावाचा एकच एक ठरलेला मिश्रधातू नसतो.

धारेबद्दल थोडक्यात. नव्या चाकूची धार ही कारखान्यातल्या शेवटच्या कामगाराने दिलेली असते, आणि दगडावर ती आपल्यालाही देता येते. धार किती टिकते हा खरा प्रश्न. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत यंत्र पात्याने कागदी पुठ्ठ्याच्या पट्ट्या पुन्हापुन्हा कापत राहतं, आणि त्या पुठ्ठ्यात ५ टक्के वाळूचं पीठ मुद्दाम घातलेलं असतं. धार लवकर मरावी म्हणून. धुळीचं पोतं कापणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही.

आता नागपूरचं हवामान. “उन्हाळ्यात चाकू ढिला होतो, लोखंड फुगतं,” असं मला दोघा-तिघांनी ठामपणे सांगितलं आहे. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हा शंका रास्त वाटते. पण हिशेब करून पाहा. थंडीतल्या १५ अंशांपासून ४५ पर्यंत ३० अंशांचा फरक, सांध्याची जाडी १० मिलीमीटर. पोलाद आणि ब्राँझ यांच्या फुगण्यातलं अंतर दोन मायक्रॉनही (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) भरत नाही, आणि आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. लोखंड निर्दोष आहे.

दोषी आहे लाकूड. वैशाखातल्या कोरड्या हवेत लाकडातली ओल ४-५ टक्क्यांवर येऊ पाहते, श्रावणात १५ च्या घरात. शेजारच्या मुलाने फ्रान्सहून ओपिनेल चाकू आणला होता. १८९० पासून चालत आलेला, बीच लाकडाच्या मुठीचा, १९५५ पासून गळ्याशी फिरणारं लोखंडी कडं असलेला. ते कडं म्हणजे मला सर्वांत आवडणारा खटका. फिरवलं की पात्याची वाट बंद, ना पाचर ना त्रिकोणमिती. पण जुलैत मुलगा म्हणाला, “काका, पातं निघतच नाही.” बीच लाकूड ओलीने फार फुगतं. एवढ्या रुंद मुठीत वर्षभरात अर्धा मिलीमीटर सहज इकडेतिकडे होतो, आणि पात्याची खाच तेवढीच आवळते. ओपिनेल जिथला, त्या फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातले लोक यावर मुठीचं बूड टेबलावर आपटतात, मग पात्याचं टोक वर येतं. त्याने आपटलं, आलं. उन्हाळ्यात तोच चाकू हलवला की खुळखुळायचा. ही खराब बांधणी नव्हे, लाकडाचा स्वभाव आहे. पण आपल्या गावात वर्षभर एकसारखा चाकू हवा असेल तर मूठ प्लास्टिकची किंवा धातूची बरी.

एक सूचना, कायद्याची. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेतीसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू त्या मापाच्या आसपासही नसतो. पण पोलिसांचा मनाई आदेश असेल तेव्हा तो घरीच ठेवावा, आणि विमानात हातातल्या पिशवीत कधीच नेऊ नये.

गेल्या महिन्यात नवा चाकू घ्यायला इतवारीत लोहा ओळीत गेलो. दुकानदाराने सात चाकू काउंटरवर मांडले. मी एकेक उघडून टोक हलवत होतो, पाचरीत डोकावत होतो, स्क्रू आवळायला लावत होतो. चार डुलले. एकाचा पत्रा नव्यानेच पलीकडे पोचलेला. एक आवळल्यावर जाम.

“काका, पातं पाहा ना,” तो वैतागून म्हणाला. “तुम्ही तर केव्हाचे मुठीतच डोकं घालून राहिले.”

सातवा घेतला. पैसे देताना त्याने गल्ल्याखालून सुपारी काढली आणि अडकित्ता. पितळी, मोराच्या आकाराचा, खिळ्याभोवती झिजून चकाकलेला. राहवलं नाही, मागून घेतला आणि दोन्ही दांड्या आडव्या हलवून पाहिल्या. केसभरही प्ले नव्हता.

“तो विकायचा नाही हो,” असं म्हणून त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला.