सहा महिने, एक वर्ष आणि ‘सलग वास्तव्य’: अमेरिकी नागरिकत्वाच्या अटीची पार्श्वभूमी

‘सहा महिन्यांच्या आत एकदा जाऊन यायचं, मग चिंता नाही.’ मुलांकडे अमेरिकेत आणि स्वतःच्या घरी पुण्या-नाशकात असे आलटून पालटून राहणारे ग्रीन कार्डधारक आईवडील हा सल्ला एकमेकांना देतात. नागरिकत्वाच्या बाबतीत तो अर्धवट आहे. दरवर्षी पाच-पाच महिन्यांच्या दोन फेऱ्या भारतात काढल्या, तर एकही फेरी सहा महिन्यांची होत नाही. पण पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावं लागतं आणि इथे हिशेब जेमतेम १० महिन्यांचा भरतो. सलग वास्तव्य आणि प्रत्यक्ष उपस्थिती या दोन निरनिराळ्या अटी आहेत, त्या कायद्यात आल्याही निरनिराळ्या काळात.

नागरिकत्वाआधी पाच वर्षं अमेरिकेत राहण्याची अट १७९५ पासूनची. मधली काही वर्षं तेवढी ती १४ वर्षांची होती. ब्रिटनशी युद्ध चालू असताना, १८१३ मध्ये, खलाशांसाठीच्या एका कायद्यात अट घातली गेली की या पाच वर्षांत माणूस एकदाही देशाबाहेर गेलेला नसावा. इतकी कडक अट १८४८ मध्ये काढून टाकावी लागली. १९०६ च्या कायद्यात ‘सलग’ हा शब्द होता, पण किती दिवस बाहेर राहिलं की सलगपणा तुटतो, याला आकडा नव्हता. तो १९२९ मध्ये आला आणि आजही तोच चालतो: सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी गैरहजेरी असेल तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. पूर्ण वर्ष झालं की तुटलंच. तेव्हा भारतीयांना नागरिकत्वाचं दारच बंद होतं. ते १९४६ मध्ये उघडलं.

१९३६ मध्ये एक सवलत आली, तिच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे. अमेरिकी कंपनीच्या किंवा सरकारच्या कामासाठी परदेशी गेलेल्याचं वास्तव्य वर्षाहून जास्त गैरहजेरीतही शाबूत राहू शकतं. संशोधन, धर्मकार्य अशी कारणंही तिच्यात आहेत. घरचं आजारपण आजही तिच्यात नाही. कंपनीचा माल विकायला दीड वर्ष मुंबईत राहिलेल्याला, आधीचं एक वर्ष अखंड अमेरिकेत काढलेलं असेल तर, अर्ज करून सलगपणा राखता येतो. आईच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून दीड वर्ष सांगलीत राहिलेल्या मुलीला तशी सोय नाही. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे.

१९५२ च्या कायद्याने निम्मा काळ प्रत्यक्ष उपस्थित असण्याची अट घातली आणि निवास म्हणजे माणूस खरोखर राहतो ते ठिकाण, हेतू काहीही असो, अशी व्याख्या केली. म्हणून ‘परत यायचंच होतं’ एवढं सांगून भागत नाही. नोकरी सोडली नव्हती, नवरा किंवा बायको-मुलं तिथेच होती, घर आपल्या ताब्यात होतं, परदेशात नोकरी धरली नव्हती, हे कागदांनी दाखवावं लागतं.

घोटाळा होतो तो री-एन्ट्री परमिटमुळे. दोन वर्षांपर्यंतच्या या परवान्याने ग्रीन कार्ड वाचायला मदत होते, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य वाचत नाही. त्यात १९९६ च्या कायद्याने १८० दिवसांची आणखी एक रेघ ओढली. तेवढ्याहून जास्त बाहेर राहून परतलेल्याला विमानतळावर नव्याने प्रवेश मागणारा मानता येतं. ही रेघ सीमेवरच्या तपासणीची आहे, पण बोलण्यात ती आणि १९२९ चे सहा महिने एकच होऊन जातात.

वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्याने परतल्यावर ‘चार वर्षं आणि एक दिवस’ थांबून अर्ज करावा, या सल्ल्याचंही असंच. समजा, अशीच एक मुलगी १० जानेवारी २०१९ ला भारतात गेली आणि २० फेब्रुवारी २०२० ला परतली. २१ फेब्रुवारी २०२४ ला मागची पाच वर्षं मोजली, तर त्या चौकटीत गैरहजेरीचा वर्षाहून किंचित कमी तुकडा उरतो. अर्ज करता येतो, पण तो तुकडा सहा महिन्यांहून मोठा असल्याने वास्तव्य तुटल्याचं गृहीतक अंगावर येतंच. ऑगस्टच्या अखेरपर्यंत थांबली, म्हणजे परतल्यावर साडेचार वर्षं पुरी केली, तर तेही सुटतं. संबंधित खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या मार्गदर्शिकेत हा मुद्दा स्पष्ट केला.

पुढच्याच महिन्यात भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. मधल्या काळात महिन्याभरासाठी आलेले कित्येक जण सहा-आठ महिने अडकले. कायद्यातली मुदत त्यांच्यासाठी बदलली नाही. अर्ज भरताना पासपोर्टची पानं टेबलावर पसरून, पुसट शिक्के उजेडात धरून, जाण्या-येण्याची एकेक तारीख त्यांना लिहावी लागली. त्यासोबत रद्द झालेली तिकिटं जोडायची होती, आणि त्या महिन्यांतही घरभाडं भरल्याच्या पावत्या.