दर किलोमीटरला आठ किलो

"मुंबईचा विमानतळ तर चालू आहे, मग आंबा का अडतोय?" २०२५च्या मे महिन्यात कोकणात हा प्रश्न मी अनेक बागायतदारांच्या तोंडून ऐकला. त्याला मिळणारी उत्तरंही ठरलेली होती. कुणी विमान कंपन्यांना बोल लावत होतं, कुणी मधल्या एजंटांना. त्यांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण भाडं, दलाली, नफा या सगळ्याच्या आधी इथे भौतिकशास्त्राचा एक नियम उभा आहे आणि तो कुणाच्या सांगण्याने बदलत नाही. दूर कुठेतरी युद्ध पेटतं आणि देवगडच्या पेटीला विमानात जागा मिळत नाही, ती या नियमामुळे.

आधी घडलं काय ते पाहू. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. २४ एप्रिलला पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं आणि ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांना तसंच उत्तर दिलं. ७ मेपासून संघर्ष सुरू झाल्यावर श्रीनगर, अमृतसर, जोधपूर, भुज, जामनगर असे उत्तर-पश्चिमेचे ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, ते १२ मेला पुन्हा उघडले. दिल्ली आणि मुंबई या दोन हवाई क्षेत्रांतले मिळून २५ मार्गखंडही (आकाशातल्या ठरलेल्या वाटांचे तुकडे) त्या काळात बंद होते. मुंबई, सिंधुदुर्गातला चिपी आणि गोव्यातला मोपा हे विमानतळ मात्र बंदच्या यादीत कधीच नव्हते. देशभरातल्या विमानतळांवर लोकांना प्रवेशबंदी झाल्याचा मेसेज तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होता, तो खोटा असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलं होतं. असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आणि ग्रहांच्या युतीवरून युद्धाच्या तारखा सांगणाऱ्यांनी त्या दिवसांत लोकांना विनाकारण घाबरवलं.

आकाश बंद करण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. १९४४च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात आपल्या भूमीवरच्या आकाशावर त्या त्या देशाचं सार्वभौमत्व मान्य केलेलं आहे. बंदीची सूचना वैमानिकांना 'नोटॅम'मधून मिळते. काही ओळींच्या त्या संदेशाने नकाशावरचा एक मोठा तुकडा त्या क्षणापासून नाहीसा होतो आणि विमानाला वळसा घ्यावा लागतो.

वळसा म्हणजे वेळ आणि इंधन जास्त, इतकंच आपल्याला वाटतं. खरा फटका तिसरीकडे बसतो. तो समजण्यासाठी आंबा कोणत्या विमानातून जातो हे माहीत हवं. जगात विमानाने जाणाऱ्या मालापैकी साधारण निम्मा माल खास मालवाहू विमानांतून जातच नाही. तो प्रवासी विमानाच्या पोटात, आपल्या बॅगांच्या शेजारी असतो. या धंद्यातले लोक त्याला 'बेली' म्हणतात. परदेशी निघालेला हापूस बहुतांशी असाच बेलीत बसून जातो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. बोइंग ७७७-३००ईआर हे लांब पल्ल्याचं विमान घेऊ. उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन जास्तीत जास्त ३५१.५ टन असू शकतं. त्यापुढे एक किलोही चालत नाही. आसनं, कर्मचारी, खानपान धरून नुसत्या विमानाचंच वजन सुमारे १६८ टन होतं. उरलेल्या १८३ टनांत इंधन, माणसं आणि माल बसवायचा. टाक्या काठोकाठ भरल्या तर इंधनच १४५ टनांच्या आसपास जातं. म्हणजे टाक्याही पूर्ण भरल्या आणि पोटही पूर्ण भरलं, असं हे विमान उडूच शकत नाही. जितकं दूर जायचं, तितका माल कमी.

किती कमी? हे सांगणारं सूत्र लुई ब्रेगे या फ्रेंच विमानकर्त्याच्या नावाने ओळखलं जातं. त्याचं सोपं रूप असं:

पल्ला = क × लॉग (उड्डाणाचं वजन ÷ उतरतानाचं वजन)

हा लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. 'क' या आकड्यात विमानाचा वेग, पंखांची कार्यक्षमता आणि इंजिनाची काटकसर एकत्र येतात. आपल्या विमानासाठी, चढण-उतरणीचा खर्च धरून, ढोबळमानाने क = २८,००० किलोमीटर घेऊ.

सूत्रात लॉग का यावा? कारण इंधनालाही वजन असतं. पायी लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाने शिदोरी जास्त घेतली, तर ती वाहून नेण्यासाठीच त्याला जास्त भूक लागते आणि त्या भुकेपोटी आणखी शिदोरी लागते. विमानाचं तसंच आहे. मुक्कामाला एक टन जादा वजन पोचवायचं, तर दर तासाला त्या वजनाच्या ३ ते ४ टक्के इंधन केवळ त्याला हवेत धरून ठेवण्यात जळतं. चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणात एक टन आंब्यामागे अर्धा टन इंधन लागतं, ते असं.

आता आकडे घालू. मुंबई ते न्यूयॉर्क हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो मुंबईहून निघून आधी पाकिस्तानवरूनच जातो. विमान ३५१.५ टनांनी उडालं, तर सूत्रानुसार न्यूयॉर्कला ते सुमारे २२५ टनांचं होऊन उतरेल. त्यातून विमानाचे १६८ टन आणि राखीव इंधनाचे ८ टन वजा केले की ४९ टन उरतात. सामानासह दर माणशी १०० किलो धरले तर ३४० प्रवाशांचे ३४ टन होतात. मालासाठी राहिले १५ टन.

बंद आकाशामुळे १,००० किलोमीटरचा वळसा पडला असं समजू. पल्ला १३,५०० किलोमीटर झाला. उड्डाणाचं वजन तेच, कारण ती कायद्याची आणि विमानाच्या बांधणीची मर्यादा आहे. उतरतानाचं वजन आता २१७ टन येतं. तेच आकडे वजा केले की उरतात ४१ टन. प्रवासी तिकीट काढून बसलेले आहेत, त्यांना कुणी उतरवत नाही. त्यामुळे मालाला मिळतात ७ टन.

अंतर ८ टक्क्यांनी वाढलं आणि मालाची जागा निम्म्याहून कमी झाली. वळशाचा जवळजवळ सगळा भार एकट्या बेलीवर पडला. हजार किलोमीटरला आठ टन, म्हणजे दर किलोमीटरला आठ किलो. एक डझनाचं खोकं साडेतीन किलोचं धरलं, तर वाढलेला प्रत्येक किलोमीटर दोन खोकी विमानाबाहेर काढतो.

पूर्वीइतकाच माल न्यायचा हट्ट धरला तर काय होईल? उतरतानाचं वजन २२५ टनच हवं, म्हणून उड्डाणाचं वजन ३६४ टन लागेल. जादा इंधन ८ टन नव्हे, १३ टन. लॉगची करामत ती हीच. पण ३६४ टनांनी ते विमान उडूच शकत नाही. मग एजंटाचा फोन येतो, "माल ऑफलोड झाला." ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मुद्दाम काढला.

लंडनची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास असल्याने तिथे वजनाची मर्यादा इतकी आवळत नाही. वळसा पडला तर इंधनाचा खर्च वाढतो, माल सहसा राहत नाही. लहान विमानांचं उलट होतं. त्याच एप्रिलअखेरीस इंडिगोने ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबवली, कारण वळसा घेऊन ती शहरं त्यांच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली.

यावर हमखास एक सूचना येते, की चिपीहून थेट परदेशी मालवाहतूक सुरू करा, मुंबईची गरजच संपेल. सिंधुदुर्गाचा विमानतळ २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, त्याचा मलाही आनंद आहे. पण त्याची धावपट्टी २,५०० मीटरची आहे. वर पाहिलेल्या विमानाला पूर्ण वजनाने उडायला तीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते, तीही १५ अंश तापमानाला. आपला हंगाम मे महिन्यातला. ३३ अंशांना हवा सुमारे ६ टक्के विरळ होते, पंखांची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात आणि धाव आणखी लांबते. मोपाची धावपट्टी ३,५०० मीटर आहे, तिथे हा हिशेब बसू शकतो. भाषणात 'आंतरराष्ट्रीय कार्गो हब' म्हणणं सोपं आहे. धावपट्टीची लांबी कुणी विचारत नाही, याची मला खंत वाटते.

ज्या देशाच्या भूमीवरच युद्ध चालू आहे, तिथे वळशाचाही प्रश्न उरत नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ रोजी नागरी विमानांना बंद झालं. मग विमानाने येणारा माल सीमेपलीकडे पोलंडमधल्या झेशुफ या छोट्या शहराच्या विमानतळावर उतरू लागला आणि तिथून रस्त्याने, रेल्वेने आत जाऊ लागला. कीवजवळच्या होस्तोमेल विमानतळावर जगातलं सर्वांत मोठं मालवाहू विमान, अँतोनोव्ह २२५ 'म्रिया', त्याच लढाईत नष्ट झालं. ६४० टनांनी उडणारं हे विमान २०१६मध्ये हैदराबादला येऊन गेलं होतं. तसं दुसरं पूर्ण झालेलं विमान जगात नव्हतं.

आपल्या किनाऱ्यालाही हा विषय परका नाही. गोव्याचा दाबोळी विमानतळ मुळात नौदलाचा 'आयएनएस हंसा' हा तळ आहे आणि नागरी विमानं तिथे त्याच धावपट्टीवर उतरतात. मे २०२५मध्ये बंद झालेल्या विमानतळांपैकी बरेच असेच लष्कराच्या धावपट्टीवर चालणारे होते.

उशीर झाला तर आंब्याचं काय होतं? झाडावरून उतरवलेला हापूस जिवंत असतो, श्वास घेतो. पिकायला लागला की तो स्वतःच इथिलीन वायू सोडतो, त्या वायूने पिकणं वाढतं आणि शेजारचा आंबाही पिकू लागतो. अढीत आपण हेच घडवून आणतो. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो, त्यामुळे विमानतळाच्या उन्हात गेलेला एक दिवस शीतगृहातल्या अनेक दिवसांइतका असतो. आणि फार थंड करूनही भागत नाही, १२-१३ अंशांखाली साल काळवंडते, चव जाते. अमेरिकेचा आंबा तर किडीच्या बंदोबस्तासाठी ४०० ग्रे (ग्रे हे मात्रेचं एकक) इतकी किरणांची मात्रा घेऊनच निघतो. या प्रक्रियेची आणि निरीक्षणाची वेळ आधी ठरलेली असते, ती विमानाच्या वेळेबरोबर सरकत नाही. समुद्रमार्गे पाठवण्याचे प्रयोग झाले आहेत. पण २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास १० ते १४ दिवसांनी लांबला. जहाजाला वजनाची चिंता नसते. आंब्याला दिवसांची असते.

म्हणून एक गोष्ट निर्यात करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. २०२५च्या त्या आठवड्यांत एअर इंडियाची अमेरिकेची काही उड्डाणं व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरत होती. प्रवासी यावर वैतागतात. पण प्रवासाचे दोन तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याला इंधन बरंच कमी लागतं. व्हिएन्ना ते न्यूयॉर्क सुमारे ६,८०० किलोमीटर आहे. एवढ्या टप्प्यासाठी, पोट पूर्ण भरूनही, आपलं विमान सुमारे ३१५ टनांनी उडू शकतं, मर्यादेच्या पुष्कळ खाली. वाटेत थांबणाऱ्या विमानात वजनापुरती तरी मालाला जागा असते, थेट जाणाऱ्यात ती फारच कमी उरते. युद्धाच्या काळात फॉरवर्डरकडे, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटाकडे, बुकिंग करताना भाव विचारण्याआधी विमान मध्ये कुठे उतरणार आहे का, हे विचारावं. दोन-तीन तास उशिरा पोचलेला आंबा विकला जातो, मुंबईत ऑफलोड झालेल्याला पुढच्या विमानाची वाट पाहावी लागते.