पुनरुज्जीवक शेती

जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा कार्बन), ओल धरून ठेवण्याची ताकद आणि सूक्ष्मजीव पिकागणिक वाढत जातील अशा बेताने केलेली शेती. ‘रिजनरेटिव्ह’ हे नाव अमेरिकेत सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते रॉबर्ट रोडेल यांनी 1980च्या दशकात रूढ केले. मशागत कमीत कमी, जमीन कायम झाकलेली, पिकांची फेरपालट आणि जमल्यास जनावरांची फिरती चराई ही तिची अंगे.

यात सर्वांत जास्त चुका आच्छादन पिकात, म्हणजे जमीन झाकण्यासाठी घेतलेल्या पिकात होतात. राय हे तृणधान्य हेक्टरी सुमारे 100 किलो पेरतात, फुलोऱ्यात आल्यावर रोलरने आडवे पाडतात आणि त्याच थरात मुख्य पीक पेरतात. रोलर फुलोऱ्याआधी फिरवला तर राय पुन्हा उभी राहते. दाणे भरू दिले तर पुढच्या हंगामात तीच तण होते. फुलोऱ्याच्या वेळी रायचे कर्ब-नत्र गुणोत्तर 40:1च्या आसपास असते. ती कुजवताना जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि मुख्य पीक मका असेल तर तो पिवळा पडतो. म्हणून मक्याआधी व्हेचसारखे शेंगवर्गीय पीक मिसळतात. सोयाबीनला ही अडचण फारशी येत नाही. ओलसर आच्छादनाखाली गोगलगायी वाढतात, तेव्हा कोवळ्या रोपांवर लक्ष ठेवावे लागते.

कर्बाला नत्राची जोड लागतेच. स्थिर सेंद्रिय पदार्थांत हे प्रमाण सुमारे 12:1 असते, म्हणजे 1 टन कर्ब मुरवायला 80 किलोंच्या आसपास नत्र हवे. जाहिरातींत याचा उल्लेख सहसा नसतो.

सेंद्रिय शेतीची व्याख्या अनेक देशांत कायद्याने केलेली आहे. हिची बहुतेक ठिकाणी नाही. वाद तिथूनच सुरू होतो. नांगर न लावता ग्लायफोसेट या रासायनिक तणनाशकाने तण मारणारी शेतीही हेच नाव लावते. त्यावर उत्तर म्हणून 2017 साली रोडेल इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था, पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी आणि डॉ. ब्रॉनर्स ही साबणाची कंपनी यांनी सेंद्रिय निकष, पशुकल्याण आणि मजुरांचे हक्क एकत्र बांधणारे प्रमाणपत्र पुढे आणले.

कार्बन क्रेडिटचा, म्हणजे जमिनीत साठवलेला कर्ब मोजून विकण्याचा हिशेब याहून निसरडा. शून्य मशागतीत कर्ब वरच्या थरात साठतो, खाली तो घटलेलाही असू शकतो. फक्त वरच्या 15 सेंटिमीटरचे नमुने घेतले की फायदा फुगून दिसतो. किमान 30 सेंटिमीटर खोलीचा नमुना आणि मातीची घनता, दोन्ही मोजायला हवीत. शिवाय पुन्हा नांगरट झाली की साठलेल्या कर्बाचा बराच भाग हवेत जातो. म्हणून क्रेडिटसाठी लागणारा अनेक वर्षांचा करार मालक करू शकतो. वर्षाच्या बोलीवर जमीन कसणारा खंडकरी कशाच्या जोरावर करणार? सुरुवातीच्या हंगामांत उत्पादन घटले तर तो तोटा बहुधा शेतकऱ्याच्याच माथी येतो, मालाच्या पाकिटावरचा ‘पुनरुज्जीवक’ हा दावा मात्र कंपनीचा असतो.