मृदा-आरोग्य शिक्षण (ग्रामीण विदर्भ)

मातीची ओळख, तपासणी आणि निगा शाळकरी मुलांना वर्गात व वावरात (शेतात) शिकवण्याची पद्धत. विदर्भात तिची मुळे वर्ध्याला सापडतात. तिथे २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हातच्या कामातून शिकण्याचा विचार मांडला. पुढे तो ‘नई तालीम’ म्हणून ओळखला गेला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेतीकाम आजही अभ्यासाचाच भाग आहे.

शेतकऱ्याच्या घरचे मूल काही माती शाळेतच पहिल्यांदा पाहत नाही. भारी-हलकी, मुरमाड, बरड हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत कन्हार, मोरांड, सिहार ही नावे चालतात. धडा या शब्दांपासून सुरू करणे सगळ्यात चांगले.

सर्वांत बोलका प्रयोग ढेकळाचा. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवताखालचे आणि नांगरल्या वावरातले अशी दोन वाळलेली ढेकळे पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडायची. मुळांनी व सेंद्रिय पदार्थांनी बांधलेले ढेकूळ बराच वेळ टिकते, दुसरे लवकर विरघळते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हाच प्रयोग वेगळे दाखवतो. तिथल्या मातीत सोडियम जास्त. त्यामुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि पाणी गढूळ होऊन तसेच राहते. असे सुटे कण वावरात मातीची छिद्रे बुजवतात; पाऊस पडून गेला तरी पाणी वर का साचते, हे मग पाठ करावे लागत नाही. दुसरा प्रयोग सुती चिंधी पुरण्याचा: पावसाळ्यात दोनेक महिन्यांनी उकरल्यावर ती जितकी कुजलेली, तितके मातीतले जीव कामाला लागलेले.

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेत सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून येणारा कार्बन), नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) अशा १२ बाबी असतात. ती घरी वाचून दाखवणे हा गणिताचा उत्तम तास होतो. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी दिसला, की पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) जाळायची की कुजवायची हा प्रश्न घरातच निघतो.

अडचण वेळेची आहे. नमुना घेण्याचा नेहमीचा काळ उन्हाळा, तेव्हा सुट्या. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर पेरणीची घाई. म्हणून सोयाबीन निघाल्यावर, हरभऱ्याला खत पडण्याआधी मुलांना वावरात न्यावे. झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि धुऱ्यालगतची जागा सोडून नागमोडी चालत वीतभर खोल खड्डे करावेत, माती एकत्र करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत हेच.